आठवं पान वाचणाऱ्याचं

पहिल्या महिन्याचं भाडं मी त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा त्यांनी ते न बघताच सदऱ्याच्या खिशात कोंबलं आणि हात पुन्हा पुढे केला.

"हे झालं भाडं. पुस्तक कुठी हाये?"

"कुठलं पुस्तक, चाचा?"

"आठ पानाचं. तुले कोणी सांगतलं नाही?" त्यांनी घराकडे तोंड करून आवाज दिला, "अवं, ह्या पोट्ट्याले तू काहीच सांगतलं नाही का?"

आतून चाचीचा आवाज आला, "म्या कायले सांगू? नियम तुमचे, सांगाचे बी तुमीच."

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापासून दहा मिनिटांवर, त्यांच्या घराच्या माडीवर मी खोली घेतली होती. खोली हवेशीर होती, पाणी दोन वेळा यायचं, संडास खाली होता. हे सगळं मी घेण्याआधी नीट विचारून घेतलं होतं. घरमालक भाड्याबरोबर दरमहा हातानं केलेलं एक पुस्तक मागतो की काय, हे मात्र विचारायचं राहून गेलं होतं. कोण विचारतं?

नियम त्यांनी मला जिन्यातच उभं करून सांगितले. एक कागद घ्यायचा. त्याच्या आठ घड्या पाडायच्या. मधोमध एकच काप द्यायचा आणि कागद असा दुमडायचा की त्याची आठ पानांची तळहाताएवढी वही होते. गोंद नाही, टाचणी नाही, सुईदोरा नाही. सात पानं आपली. त्यावर चित्र काढा, लिहा, खोटं सांगा, काही करा. आठवं पान कोरं सोडायचं.

"थे काहून?"

"आठवं पान वाचणाऱ्याचं असते. तूच सगळं बोलशीन तं समोरचा काय नुसता बसून राहीन?"

आणि शेवटचा नियम म्हणजे पुस्तक एकच काढायचं आणि देऊन टाकायचं, घरात ठेवायचं नाही. माझ्या आधीच्या भाडेकरूनं, तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता, तिसऱ्या महिन्यात खोली सोडली होती. चाची म्हणायची, भाड्याला नाही, पुस्तकाला भिऊन पळाला. चाचा म्हणायचे, पळाला खरा, पण जाताना जिन्यात एक पुस्तक ठेवून गेला आणि ते त्याचं सगळ्यात चांगलं होतं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गाव कौंडण्यपूरकडचं, वर्धेच्या काठावरचं. शेतकीची पदवी घेतलेली, आणि हंगामापुरती कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडरची नोकरी लागलेली. ग्रेडरनं काय करायचं, तर शेतकऱ्यानं गाडी भरून आणलेल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून एक मूठ काढायची, बोटांनी ओढून बघायची आणि प्रत सांगायची. ती बोंडअळीची वर्षं होती. हंगामामागून हंगाम तिनं खाल्ला होता. गाडीत वरवर पांढरं दिसायचं आणि हात आत गेला की अळीनं खाल्लेल्या बोंडाची पिवळी, कडक कवडी लागायची. मी "तिसरी प्रत" म्हणालो की गाडीवरून शिवी यायची. दिवसाला अशा पन्नास-साठ गाड्या. माझा बापही कापूसच पिकवायचा. आमच्याकडच्या केंद्रावर माझ्याच वयाचं कोणीतरी त्याच्या गाडीत हात घालत असेल, हे मला रोज डोळ्यांसमोर दिसायचं. संध्याकाळी खोलीवर यायचो तेव्हा केसांत सरकी आणि छातीत दगड. बोलायला कोणी नव्हतं.

अशात हे पुस्तक! मी एका कॅलेंडरवरून सात सुविचार काढले, सुवाच्य अक्षरात लिहिले, प्रत्येकाखाली एक कमळ काढलं आणि चाचांनी सांगितल्यासारखा कागद दुमडला. बघतो तर पहिलं पान सरळ, दुसरं सरळ, आणि पुढची चार पानं डोक्यावर उभी. कमळांचे देठ वर, फुलं खाली.

तेच उलटंपालटं पुस्तक मी चाचांना दिलं. त्यांनी ते उघडलं आणि माडी हलेल इतक्या मोठ्यानं हसले.

"सगळ्यायचं पयलं पुस्तक उलटंच येते! माह्यं बी आलतं. हे पाय, कागद सपाट हातरला का वरची रांग उलटी काढा लागते. मंग घडी घातली का सुलटी होते. हे कोणी सांगतल्याशिवाय समजत नाही, अन् सांगतलं तरी पयल्या टायमाले ध्यानात राहत नाही." मग त्यांनी सुविचार वाचले आणि चेहरा पाडला. "पण हे काय लिवलं बे? हा तं शाळेचा फळा हाये. ह्याच्यात तू कुठी हायेस?"

"मले चित्र काढता येत नाही, चाचा. लिवता बी येत नाही."

"मले कुठी येते? मी तीस वर्षं नकला काढल्या."

ते खरं होतं. चाचा जमिनीच्या नकाशांच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. तिथं जुने नकाशे जीर्ण झाले की त्यांची नवी नक्कल काढावी लागे. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्याच्या रेघेवरून रेघ ओढली. गावांच्या शिवा, शेतांचे बांध-धुरे, नाले, गाडीवाटा. एक केसभर इकडेतिकडे झालं तर दोन भावांत डोकी फुटायची, त्यामुळे चाचांची रेघ कधी हलली नाही. त्या सवयी निवृत्तीनंतरही अंगात राहिल्या होत्या. कानावर कायम काळ्या शाईचा बारीक टोकाचा पेन. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरची तसबीर वाकडी दिसली की आधी ती सरळ करायचे, मग सलाम-नमस्कार. एक डोळा मिटून चाचीची भाकर बघायचे आणि "आज पूर्वेकडून दबली" म्हणायचे. चाची म्हणायची, "मंग पश्चिमेकडून खा."

कचेरीतून बाद झालेल्या नकलांचा एक भलामोठा गठ्ठा त्यांनी रद्दीच्या भावात विकत आणून ठेवला होता. आमची सगळी पुस्तकं त्या नकाशांच्या कोऱ्या पाठीवर व्हायची. म्हणजे पुस्तक पूर्ण उलगडलं की आत कुठल्यातरी गावाची वावरं निघायची.

आणि हा तीस वर्षं नकला काढलेला माणूस स्वतःच्या पुस्तकांत काय काय काढायचा! मी पाहिलेलं त्यांचं पहिलं पुस्तक होतं 'सावलीचा नकाशा'. भर दुपारी बारा वाजता, अकोल्यातल्या त्या उन्हात, आमच्या गल्लीपासून पोस्टापर्यंत उन्हात पाय न ठेवता कसं जायचं, त्याचा बिनचूक, मापासह काढलेला नकाशा. अमक्या घराचा छज्जा, मग हातगाडी, मग चिंच, मग चार पावलं पळायचं, तिथं 'पळा' असं लिहिलेलं. मी तो नकाशा घेऊन खरंच गेलो. पोस्टापर्यंत पोचलो तेव्हा डोक्याला ऊन लागलेलं नव्हतं आणि मी एकटाच रस्त्यात उभा राहून हसत होतो. दुसऱ्या एका पुस्तकात मोर्णेच्या पुलावरून नदीत पडलेल्या वस्तूंची चित्रं होती, आणि एकात चाचीचे सात चेहरे, मीठ जास्त झालं की कुठला आणि पाहुणे न सांगता आले की कुठला. हे पुस्तक चाचीनं जप्त केलं होतं. नियम मोडून घरात राहिलेलं तेवढं एकच.

बाकीची ते देऊन टाकायचे. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीच्या सीटवर ठेवून यायचे आणि मागं वळून बघायचे नाहीत. मी म्हटलं, "चाचा, कोणी फेकून देईन." ते म्हणाले, "फेकू दे. फेकाच्या आंधी पायते ना?"

दुसऱ्या महिन्याचं पुस्तक मी तेवीस तारखेला करायला घेतलं. कागद समोर अंथरला आणि बसून राहिलो. लिहायचं काय? त्या दिवशी एका गाडीवाल्यानं मला म्हटलं होतं, "तुह्या गादीत सरकी निंगो!" ते आठवलं आणि हसू आलं. शिवी द्यावी तर अशी, कापसातली, नेमकी. मी ती मुखपृष्ठ सोडून दुसऱ्या पानावर लिहिली. शेजारी माझंच चित्र काढलं, गादीवर झोपलेला, पाठीखाली सरकी टोचतेय. वाकडंतिकडं आलं, पण मीच होतो तो. मग दुसरी आठवली, "तुह्या लग्नात बँड तिसऱ्या प्रतीचा येवो!" बँडवाला काढला, सनईच्या तोंडातून कवडी पडतेय. मग तिसरी, "पोरगी पायाले जाशीन तं पोरगी तुह्यी प्रत काढो!" माझा हात थांबेना. तासाभरात सात पानं भरली. वरची रांग आठवणीनं उलटी काढली. दुमडलं तर सगळं सुलटं! मुखपृष्ठावर मी मोठ्या अक्षरांत 'आजच्या शिव्या' लिहिलं होतं. कितीतरी महिन्यांनी छाती मोकळी झाली. मी खोलीत एकटाच टाळ्या वाजवल्या, हे सांगायला आज लाज वाटत नाही.

घोटाळा असा झाला की ते पुस्तक शर्टाच्या खिशात तसंच केंद्रावर गेलं. दुपारी मी गाड्यांच्या सावलीत डबा उघडून बसलो होतो. वाकलो आणि पुस्तक खाली पडलं. शेजारच्या गाडीवर एक म्हातारा शेतकरी दोन दिवसांपासून नंबरला लागून बसला होता. त्यानं ते उचललं. मी मनात म्हटलं, मेलो.

म्हाताऱ्यानं वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग गाडीवर उभा राहून मोठ्यानं वाचायला लागला. आख्खी रांग गोळा झाली. "बँडवाल्याची माह्यी हाये!" मागून एकजण ओरडला. "म्या देल्ली व्हती परवा! माह्यं नाव टाक त्याच्यात!" दुसरा म्हणाला, "ह्याच्यापेक्षा भारी माह्यापाशी हाये, लिवून घे." म्हाताऱ्यानं शेवटचं पान उघडलं.

"हे कोरं काहून?"

"थे वाचणाऱ्याचं हाये," मी म्हटलं.

मग पेन्सिलीवरून भांडण. शेवटी एकानं माझं चित्र काढलं, सगळं शरीर नाक आणि नाकात कापूस. दुसऱ्यानं पुस्तक उलगडलं आणि आतला नकाशा बघून त्यावर पालथाच पडला, आपलं वावर सापडतं का बघायला. सापडलं नाही, पण मेव्हण्याचं गाव सापडलं. त्या म्हाताऱ्याच्या कापसाची प्रत मी तिसरीच काढली. ती बदलणं माझ्या हातात नव्हतं आणि त्यालाही ते माहीत होतं. जाताना तो म्हणाला, "उद्याच्या पुस्तकात मले टाकजो. टोपीसगट." त्या दिवसापासून मला शिव्या कमी झाल्या नाहीत, उलट वाढल्या, पण आता लोक त्या विचार करून, ठरवून द्यायचे, आणि देऊन झाली की "लिवली का?" म्हणून विचारायचे.

मी संध्याकाळी पळतच घरी आलो. जिन्यात चाचांना सगळं सांगितलं. त्यांनी नाकात कापूस घातलेलं माझं चित्र बराच वेळ बघितलं, आत गेले, लोखंडी कपाट उघडल्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी माझ्या हातात एक पेन ठेवला. त्यांच्या कानावर असायचा तसाच, बारीक टोकाचा, काळ्या शाईचा.

"जोडीतला हाये. जपून वापरजो."

चाची दारात उभी होती. तिनं पेनाकडे बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेली. मला वाटलं, चाचांनी महागाची वस्तू देऊन टाकली म्हणून रागावली.

खरं कारण मला पंधरा दिवसांनी कळलं. त्याचं असं झालं की दर बुधवारी चाचा एक पुस्तक घेऊन बसस्टँडवर जायचे, आणि हे पुस्तक मात्र सीटवर ठेवून द्यायचे नाहीत. दर्यापूर-अंजनगाव करत परतवाड्याला जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचे. मी एकदा चाचीला विचारलं, परतवाड्याला कोण आहे? ती अंबाडीची भाजी निवडत होती. निवडता निवडता तिनं सांगितलं.

"आमची पोरगी. अचलपूरले देल्ली. जावयाचं परतवाड्याच्या स्टँडपाशी बांगड्याचं दुकान हाये. लहानपणापासून तिचा हात असा चाले का विचारू नको. सतरा वर्साची असतानी बापाचे हापिसचे पेन घेऊन बाद कागदायवर चित्रं काढत बसे. नागपूरले चित्राच्या कॉलेजात जाचं म्हणे. फारम बी आणला. ह्यायनं सही नाही केली. म्हणे, म्या जिंदगीभर रेघा मारल्या, रेघायनं डोळे जाते, पोट भरत नाही. दोनी पेन हातातून घेतले अन् कपाटात बंद केले. पोरगी मास्तरीण झाली, लग्न झालं, सगळं झालं. पण बापासंगं बोलत नाही. मी जाते, मले भेटते, पोटभर बोलते. बापाचं नाव काढलं का चूप."

"अन् ही पुस्तकं?"

"रिटायर झाले अन् घरात बसले, तवा कपाट उघडलं. म्हणे, पाहू तं खरं, पोरगी काय करत व्हती." चाचीनं भाजीचा देठ मोडला. "चार वर्सं झाले. दर बुधवारी एक जाते. एकाचं बी आठवं पान भरून वापस आलं नाही."

त्या दिवशी मला आठव्या पानाचा तो नियम पहिल्यांदा नीट कळला. इतके दिवस मला वाटत होतं, म्हाताऱ्याची गंमत आहे. आता बुधवार आला की मीही वाट बघायचो. संध्याकाळी मी जिना चढताना चाचांकडे बघायचो, ते एक डोळा मिटून मान हलवायचे. काही आलेलं नसायचं.

त्या हंगामात एका बुधवारी नेहमीचा कंडक्टर रजेवर गेला. नवा माणूस "मी काही पोस्टमन नाही" म्हणाला. केंद्राला सुट्टी होती, मी म्हटलं, "चाचा, मी जातो. नाहीतं तुमीच चाला ना."

"ती बलावीन तवा जाईन," चाचा म्हणाले. "न बलावता गेलो तं पुना म्याच बोलून राह्यलो असं होईन. तू जा."

परतवाड्याला उतरलो. बांगड्यांचं दुकान सापडलं. जावई सज्जन माणूस, मला गल्ल्याशेजारी बसवून चहा मागवला. मी पुस्तक दिलं आणि धीर करून विचारलं, "ताई वाचतात का?"

"मी घरी नेऊन समोर ठेवतो. ती पाहत नाही. मी दुकानात निंगलो का मंग डब्यात जाते, एवढं मले ठाऊक हाये. फेकून मात्र एक बी देल्लं नाही." मग काहीतरी आठवून त्यानं गल्ल्याखालून एक पुस्तक काढलं. "हे मागच्या बुधवारचं. आज सकाळीच तिनं माह्या पिशवीत घातलं. म्हणे, दुकानातून एवढ्या मापाचा कोरा कागद आणजा."

मी ते हातात घेतलं आणि जागेवरून उठलोच. पुस्तकाची घडी चुकलेली होती. मुखपृष्ठ आत गेलं होतं आणि नकाशातली वावरं बाहेर आली होती. म्हणजे कोणीतरी ते पूर्ण उलगडून, सपाट करून, कसं केलंय ते बघितलं होतं, आणि परत घालताना उलटं घातलं होतं. मापाला जुनं ब्लाउज शिंप्याकडे देतात, तसं बापाचं पुस्तक तिनं मापाला पाठवलं होतं!

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून अंजनगावपर्यंत नुसता मांडीवर ताल धरत होतो. शेजारच्या बाईनं विचारलं, "नोकरी लागली का बाप्पा?"

चाचांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कोणत्या मापाचा म्हणे? पुना सांग." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. पुढचे दोन आठवडे त्यांनी घरातल्या, गल्लीतल्या, मशिदीच्या पायरीवरच्या, दिसेल त्या वस्तू सरळ केल्या. शेजाऱ्याची उभी सायकल सरळ केली. चाचीची चूल सरळ करायला गेले तेव्हा तिनं उलथनं उगारलं. पहिला बुधवार गेला. काही नाही. दुसरा गेला. काही नाही. चाचा जेवायला बसायचे आणि अर्ध्यावर उठायचे. मला पहिल्यांदा भीती वाटली की मी उगाच सांगितलं.

तिसऱ्या बुधवारी सकाळी ते न्हाव्याकडे जाऊन केस कापून आले आणि मला म्हणाले, "चाल संगं." आम्ही बसस्टँडवर पोचलो तर परतवाड्याची गाडी नुकतीच लागली होती. जुना कंडक्टर रजेवरून परत आला होता. तो पायरीवरूनच ओरडला, "चाचा! आज उलटी डाक हाये!" आणि त्यानं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी पुढे केलं.

चाचा बाकावर बसले. गुंडाळी त्यांना सुटेना, मी सोडवली. आत तळहाताएवढं आठ पानांचं पुस्तक होतं. मुखपृष्ठावर लोखंडी कपाट. हुबेहूब त्यांच्या घरातलं, कडीच्या बाजूला पोचा आलेलं. खाली लिहिलेलं, 'ह्यात काय काय बंद आहे'.

मी तशी रेघ आजवर पाहिलेली नाही. चाचांची रेघ सरळ असायची. ही चालत होती, वळत होती, कुठं जाड होत होती, कुठं नुसती उडत होती. दुसऱ्या पानावर पेनांची जोडी, टोपणं घट्ट लावलेली. त्यांच्याखाली सही नसलेला फॉर्म. तिसऱ्या पानापाशी चाचा आले आणि थांबले.

तिसरं पान डोक्यावर उभं होतं. चौथंही. पाचवं आणि सहावंही.

चाचांनी पुस्तक उलटं धरलं. उलट्या पानावर एक उंच माणूस होता, पण अंगाऐवजी फूटपट्टी, आणि वर चाचांच्याच मिश्या. ते हसले. हसता हसता त्यांचे डोळे वाहायला लागले, आणि ते पुसायचे सोडून ते मला पुस्तक दाखवत राहिले, "पाय! पाय! उलटं आलं! माह्याच पुस्तकावरून नक्कल केली असती तं सुलटं आलं असतं. नक्कल नाही केली तिनं! कागद हातरला अन् एका दमात काढलं!" आजूबाजूचे प्रवासी बघायला लागले. चाचांना त्याचं काही नव्हतं. "सगळ्यायचं पयलं उलटंच येते," ते एका अनोळखी माणसाला सांगत होते, आणि तो बिचारा मान हलवत होता.

सातव्या पानावर कपाटाचं दार थोडंसं उघडं होतं, फटीतून काळोख दिसत होता आणि खाली एकच ओळ होती. 'अजून बंदच आहे का, अब्बा?'

आठवं पान कोरं.

चाचांनी त्या पानावर बोट ठेवलं. मग कंडक्टरला विचारलं, "गाडी वापस कवा?"

"हीच. दहा मिनिटात."

"मंग चाललो मी."

"अन् चाचीले?" मी म्हटलं.

"सांग तिले. भाकर झाकून ठेव म्हणा." अंगावर घरातला सदरा, पायात चपला, पिशवी नाही, पाणी नाही. ते गाडीत चढले, खिडकीशी बसले. पुस्तक दोन्ही हातांत छातीशी धरलेलं. मी खिडकीखाली उभा राहिलो. मला नाचावंसं वाटत होतं.

"चाचा, आठवं पान इथंच भरून द्या की. कंडक्टर नेईन."

"नाही. तिच्यासमोर बसून भरतो. तिले पाहू दे माह्या हात कसा कापते थे."

गाडी सुरू झाली. फलाटावरून वळून निघालीही. आणि चाचांनी सवयीनं कानाकडे हात नेला. कान रिकामा होता. पेन न्हाव्याच्या आरशापाशी राहिला होता.

खिडकीतून त्यांचं अर्धं अंग बाहेर आलं. "पेन! अबे, पेन!"

मी धावलो. आयुष्यात तसा धावलो नाही. भज्यांची गाडी, पाण्याचा नळ, एका बाईचं गाठोडं, सगळं ओलांडत स्टँडच्या दाराशी गाडी गाठली. खिशातून माझा पेन काढला, जोडीतला, आणि वर फेकला. चाचांचा हात हुकला. मागच्या दारातून कंडक्टरनं झेलला आणि गाडी रस्त्याला लागली.

मी घरी जाऊन चाचीला सांगितलं. तिनं भाकरी झाकून ठेवली आणि आयुष्यात पहिल्यांदाच गल्लीत जाऊन शेजारणीला हाका मारल्या.

चाचा चार दिवसांनी आले. जिन्यात माझी गाठ पडली. मला सगळंच एकदम विचारायचं होतं. शेवटी म्हटलं, "आठव्या पानावर काय लिवलं, चाचा?"

"थे पान तुह्यं नाही," ते म्हणाले. "कायले विचारून राह्यला?"

"बरं, मंग माह्या पेन तरी द्या."

चाचांनी खिसे चाचपले नाहीत. कानाकडेही हात नेला नाही. जिन्याच्या कठड्याला धरून ते उभे राहिले. मग मिश्यांतून हसत म्हणाले, "तिनं ठेवून घेतला."